साय यंगचा हात बावीस वर्षं कसा टिकला?

बेसबॉलमध्ये एका पिचरच्या, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, नावावर सर्वाधिक विजय किती? 511. हा आकडा 1911 साली थांबला आणि तेव्हापासून तिथेच आहे. दुसऱ्या क्रमांकावर वॉल्टर जॉन्सन आहे, 417 विजयांसह. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात 94 सामन्यांचं अंतर! आजच्या एखाद्या तरुण पिचरने दरवर्षी 20 सामने जिंकायचे ठरवले, आणि सलग 25 वर्षं ते जमवलं, तरी तो 500 पर्यंतच पोहोचेल. एका हंगामात 20 विजय मिळवणारा पिचर आता कौतुकाचा विषय असतो, आणि 25 वर्षं टिकणारा तर शोधूनही सापडत नाही. नोलन रायन 27 हंगाम खेळला, त्याचे विजय 324.

511 विजय मिळवणारा माणूस म्हणजे डेंटन ट्रू यंग, सगळ्या जगाला ठाऊक असलेला साय यंग. त्याच्याबद्दल लिहिताना बहुतेक लोक या आकड्यापाशीच थबकतात आणि तो कोणी अतिमानव होता असं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. यंग दणकट होता, सहा फूट दोन इंच उंच आणि ऐन भरात नव्वद किलोंच्या पुढे; पण त्या काळात दणकट पिचर इतरही होते आणि त्यातल्या अनेकांचे हात पाच-सहा वर्षांत निकामी झाले. त्याचा हात टिकला याची कारणं शोधता येतात. काही त्याच्या स्वभावात आहेत, काही तेव्हाच्या खेळाच्या रचनेत.

आधी हा ‘विजय’ काय प्रकार आहे ते पाहू. क्रिकेटमध्ये सामना संघ जिंकतो, गोलंदाजाच्या खात्यात विकेट जमा होतात. बेसबॉलमध्ये संघाच्या विजयाबरोबर तो विजय एका पिचरच्या नावावरही लिहिला जातो, आणि पराभवही तसाच. एका सामन्यात नऊ डाव, प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन बाद. क्रिकेटसारखं षटक संपल्यावर दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्याने टाकायचं, अशी सोय इथे नाही. आपला संघ क्षेत्ररक्षण करत असताना प्रत्येक चेंडू एकच पिचर टाकतो. थकला तर त्याला बाहेर काढून दुसरा आणायचा, आणि बाहेर गेलेला परत येत नाही. यंगच्या काळात पिचर बदलणं ही नामुष्की समजली जाई. ज्याने सुरुवात केली त्यानेच शेवट करायचा. म्हणून निकाल कोणाच्या नावावर टाकायचा हा प्रश्न फारसा पडतच नसे.

यंगने 815 सामन्यांत सुरुवात केली आणि त्यातले 749 सामने स्वतः पूर्ण केले. शंभरातले ब्याण्णव! आज अमेरिकेच्या तीस मोठ्या संघांतले सगळे पिचर मिळून अख्ख्या हंगामात चाळीस सामनेही असे पूर्ण करत नाहीत. त्याच्या कारकिर्दीत एकूण 7,356 डाव भरतात, आणि माझ्या मते 511 पेक्षा हाच आकडा नीट पाहायला हवा. जिंकणं बरंचसं संघावर अवलंबून असतं. इतके डाव टाकणं ही मात्र त्याची एकट्याची गोष्ट. सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तीनशेच्या वर सामने तो हरला. त्यात कमीपणा काही नाही. हरल्यावरही पुढच्या वेळी त्याच्याच हाती चेंडू द्यावा असं संघाला वर्षानुवर्षं वाटत राहिलं, म्हणून तो इतका हरू शकला.

तो जन्मला 29 मार्च 1867 रोजी, ओहायो राज्यातल्या गिल्मोर या खेड्यात. घर शेतकऱ्याचं, शाळा सहावीपर्यंत. 1890 साली कँटन गावच्या संघात तो चाचणीला गेला, तेव्हा त्याने मैदानाच्या लाकडी कुंपणावर चेंडू मारून फळ्या फोडल्या आणि वादळ येऊन गेल्यासारखं दिसू लागलं, अशी कथा सांगतात. त्या ‘सायक्लोन’चं पुढे ‘साय’ झालं. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंड स्पायडर्सने त्याला उचललं. 6 ऑगस्ट 1890 रोजी शिकागोविरुद्ध तो पहिला मोठा सामना खेळला, फक्त तीन हिट दिल्या (हिट म्हणजे बॅटरला बेसवर, धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोहोचवणारा फटका) आणि 8-1 ने जिंकला. हंगाम संपता संपता एकाच दिवशी दोन सामने टाकून दोन्ही जिंकले.

ज्या खेळात तो आला तो अजून धड ठरलेला नव्हता. बेसबॉलमध्ये पिचरला सुरुवातीला हात कमरेखालून आणावा लागे. इंग्लंडच्या क्रिकेटमध्येही एके काळी तसंच होतं. क्रिकेटने खांद्यावरून टाकायला 1864 मध्ये मोकळीक दिली, अमेरिकेतल्या मोठ्या संघांच्या नॅशनल लीगने 1884 मध्ये. अंतर तर सारखं वाढत होतं. 1880 पर्यंत पिचर 45 फुटांवरून टाकायचा, 1881 पासून 50 फुटांवरून. इतक्या जवळून, आता खांद्यावरून, आणि संघात पिचर दोन किंवा तीन. त्याचा परिणाम चार्ली रॅडबर्नच्या 1884 च्या हंगामात दिसतो. त्या एका वर्षात त्याने 678 डाव टाकले आणि साठच्या आसपास सामने जिंकले. पुढे सकाळी केस विंचरायला हात वर जात नसे, असं त्याच्याबद्दल सांगतात. पुढची सहा-सात वर्षं तो खेळला, पण तसा पुन्हा कधी दिसला नाही.

म्हणजे पूर्वीच्या लोकांचे हात लोखंडाचे होते हे खरं नाही. त्यांचे हात जात होते, आणि गेलेला हात दुरुस्त करायची सोय नव्हती. कोपराच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायूबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली ती 1974 मध्ये. त्याआधी कोपर गेलं की माणूस गावी परत. तुटलेल्यांची नावं पुसली गेली आणि टिकलेला यंग आपल्यासमोर राहिला. त्याच्याकडे बघून आपण त्या सगळ्या काळाबद्दल मत बनवतो, हीच गफलत आहे.

1893 साली सगळ्यात मोठा बदल झाला. पिचरची जागा 50 फुटांवरून 60 फूट 6 इंचांवर नेली. कागदावर हा साडेदहा फुटांचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो निम्माच होता. कारण असं की आधी पिचरसाठी मैदानात एक चौकट आखलेली असे. 50 फूट हे त्या चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंतचं अंतर. पिचरला मात्र मागचा पाय मागच्या रेषेवर ठेवूनच टाकावं लागे, आणि ती रेषा 55 फूट 6 इंचांवर होती. 1893 मध्ये चौकट गेली, तिच्या जागी रबराची पट्टी आली आणि पाय त्या पट्टीला लावून टाकायचं ठरलं. खरी वाढ पाच फुटांची. न्यूयॉर्कच्या एमस रूसीचा वेग बॅटरना दिसेनासा झाला म्हणून हे केलं, असं तेव्हापासून बोललं जातं. लोकांना धावा बघायच्या होत्या आणि धावा आटत चालल्या होत्या, हे त्यामागचं साधं गणित.

पाच फूट ऐकायला कमी वाटतात. पण चेंडू ओळखायला बॅटरला जो क्षण मिळतो तो वाढला, आणि वक्र चेंडू आता वेगळ्या ठिकाणी वळू लागला. पिचरने हातात भिनवलेलं माप एका रात्रीत चुकीचं ठरलं. सगळ्या लीगची फलंदाजीची सरासरी (दर प्रयत्नामागे किती हिट) 1892 मध्ये .245 होती, ती 1893 मध्ये .280 झाली आणि 1894 मध्ये .309. शिकागोचा बिल हचिसन 1892 साली 622 डाव टाकून 36 सामने जिंकला होता. अंतर बदललं त्या वर्षी त्याचे विजय 16 वर आले, आणि दोन वर्षांत त्याची खरी कारकीर्द आटोपली.

यंगलाही झळ बसली. नऊ डावांमागे तो किती धावा देतो हे माप घेतलं तर 1892 मध्ये ते 1.93 होतं, 1893 मध्ये 3.36 आणि 1894 मध्ये 3.94. पण त्याने 1893 मध्येही 34 सामने जिंकले. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं यश हेच, कारण खेळ पायाखालून सरकला असताना तो उभा राहिला. अंतर वाढल्यावर नुसत्या वेगावर भागत नव्हतं. मग त्याने चेंडू सोडायच्या पद्धती वाढवल्या: कधी थेट खांद्यावरून, कधी हात आडवा फिरवून. टाकण्याआधी तो बॅटरकडे जवळजवळ पाठ करायचा, म्हणजे चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत दिसू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने वाया जाणारे चेंडू कमी केले.

हे वाया जाणारे चेंडू समजले की बाकी सगळं समजतं. बॅटरच्या आवाक्यातल्या ठरावीक पट्ट्याबाहेर चार चेंडू गेले आणि त्याने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. वॉकचा तोटा दुहेरी. प्रतिस्पर्धी बेसवर पोहोचतो, आणि हाताने निदान चार चेंडूंची मजुरी करूनही हाती काही लागत नाही. यंगने सबंध कारकिर्दीत 1,217 वॉक दिले. हिशेब केला तर नऊ डावांमागे दीड. 1892 मध्ये त्याने 118 वॉक दिले होते. 1901 मध्ये 371 डावांत 37. आणि 1904 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, 380 डावांत फक्त 29! वय वाढत गेलं तसा वेग घटला असणार, पण नेम वाढत गेला.

हातात ठरावीकच चेंडू आहेत, ते सामन्यासाठी राखायचे, असं तो उघडपणे म्हणत असे. सामन्याआधी इतर पिचर भरपूर सराव करत; हा तीन-चार मिनिटं हात मोकळा करून तयार. वसंतातल्या सराव शिबिरात सुरुवातीला तो चेंडूला फारसं शिवतही नसे, धावायचा आणि मैलोन् मैल चालायचा, कारण पिचरची ताकद पायांतून येते असं त्याचं मत होतं. हिवाळ्यात ओहायोतल्या शेतावर परत जाऊन लाकडं फोडायची आणि गुरं सांभाळायची. आजच्या प्रशिक्षकाला त्यातल्या काही गोष्टी चुकीच्या वाटतील, पण हाताला विश्रांती आणि बाकी शरीराला काम, हे तत्त्व त्याने कोणी न शिकवता धरलं होतं.

आता खेळाच्या रचनेकडे. त्या काळात एकच चेंडू सामनाभर चाले. प्रेक्षकांत गेला तर परत मागून घेत. डाव सरत तसा तो मळायचा, मऊ पडायचा, नीट दिसायचा नाही. असा चेंडू कितीही मारला तरी कुंपणापार जाणं कठीण, म्हणून होमरन दुर्मीळ. याचा पिचरला मोठा फायदा होता. एका फटक्याने सामना जाण्याची भीती नसल्यामुळे कमजोर बॅटरला तो अर्ध्या जोराने टाकू शके, आणि बेसवर माणसं आल्यावरच सगळी ताकद लावी. बॅटरही बॅट वर धरून चेंडूला नुसता स्पर्श करायला बघत, म्हणून तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा पट्ट्यात असून सोडलेले चेंडू) काढून बाद करण्याचे प्रसंग कमी. यंगने कारकिर्दीत 2,803 जणांना असं बाद केलं. संख्या मोठी आहे, पण नऊ डावांमागे साडेतीनसुद्धा नाही. आजचे पिचर सरासरीने त्याच्या दुपटीहून जास्त स्ट्राइकआउट काढतात, आणि त्यासाठी जवळजवळ प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकतात. तो जोर कोपराला सहन होत नाही, म्हणून त्यांना पाच दिवसांतून एकदा आणि पाच-सहा डावांपुरतं वापरलं जातं. हंगामात 32-33 सुरुवाती, त्यातले बरेच निकाल नंतर येणाऱ्या पिचरच्या नावावर. 511 का मोडणार नाही याचं उत्तर एवढंच आहे. आजचे पिचर यंगपेक्षा कमी दर्जाचे नाहीत. त्यांच्याकडून वेगळं काम मागितलं जातं.

एक गोष्ट मात्र यंगच्या विरुद्धही होती. कारकिर्दीच्या पहिल्या दशकात बॅटरने चेंडू मैदानाबाहेर तिरका उडवला तर तो स्ट्राइक धरला जात नसे. हुशार बॅटर मुद्दाम असे चेंडू उडवत बसायचे आणि पिचरला दमवायचे. नॅशनल लीगने हे 1901 मध्ये बंद केलं, नंतर आलेल्या अमेरिकन लीगने 1903 मध्ये.

1899 मध्ये क्लीव्हलंडच्या मालकांनी सेंट लुइसचा संघही घेतला आणि यंगसकट चांगले खेळाडू तिकडे हलवले. मागे राहिलेला क्लीव्हलंडचा संघ त्या वर्षी 20 जिंकून 134 हरला. दोन वर्षांनी नवी अमेरिकन लीग उभी राहिली. जुन्या लीगने खेळाडूंच्या पगारावर 2,400 डॉलरची मर्यादा घातली होती, नवी लीग त्याहून जास्त देत होती. 34 वर्षांचा यंग बॉस्टनला गेला. म्हातारा झाला असं लोक म्हणत असताना पहिल्याच वर्षी त्याने 33 सामने जिंकले. संघाचे एकूण विजय 79.

1 ऑक्टोबर 1903 रोजी बॉस्टनच्या हंटिंग्टन अव्हेन्यू मैदानावर दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या पहिल्या वर्ल्ड सिरीजचा पहिला चेंडू यंगने टाकला. तो सामना पिट्सबर्गने 7-3 ने घेतला, पण मालिका बॉस्टनने 5-3 ने जिंकली आणि त्यातले दोन विजय यंगचे. त्या जागी आज नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. पुण्या-मुंबईची बरीच मराठी मुलं तिथे शिकायला जातात. आवारातल्या बाकड्यांजवळ वाकून चेंडू टाकायच्या पवित्र्यातला एक ब्राँझचा पुतळा दिसतो, तो याच माणसाचा.

पुढच्या वर्षी, 5 मे 1904 रोजी, फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने 27 बॅटरना टाकलं आणि 27 बाद केले. एकही जण बेसवर पोहोचला नाही. अशा सामन्याला परफेक्ट गेम म्हणतात. मोठ्या लीगमध्ये याआधी असे दोनच झाले होते, दोन्ही 1880 सालचे, 45 फुटांवरून आणि कमरेखालून टाकलेले. साडेसाठ फुटांवरून हे करणारा यंग पहिला. समोरचा पिचर होता रूब वॅडेल, आणि त्यालाच शेवटचा बाद करून यंगने सामना संपवला. वॅडेलने परतफेड केली 4 जुलै 1905 रोजी. सामना 20 डावांपर्यंत लांबला, दोघांपैकी कोणीही बाहेर गेला नाही, आणि फिलाडेल्फियाने तो 4-2 ने घेतला. 38 वर्षांच्या यंगने त्या 20 डावांत एकही वॉक दिला नाही. हरलेला असूनही मला त्याचा हाच सामना सगळ्यात मोठा वाटतो.

त्याच्या आकड्यांसोबत आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मोठ्या लीगचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. 1884 मध्ये फ्लीटवुड वॉकर टोलेडोकडून खेळला, त्यानंतर थेट 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन. यंगने ज्यांना बाद केलं त्यांत देशातले कितीतरी उत्तम बॅटर कधी नव्हतेच. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही, पण त्या काळातल्या कोणत्याही विक्रमावर ही सावली आहे.

30 जून 1908 रोजी, 41 वर्षांचा असताना, त्याने न्यूयॉर्कला एकही हिट न देता 8-0 ने हरवलं. असा हिटविना सामना त्याने तिसऱ्यांदा टाकला होता. 1909 मध्ये तो क्लीव्हलंडला परतला, आणि 19 जुलै 1910 रोजी वॉशिंग्टनमध्ये 500 वा विजय मिळवला. 1937 मध्ये त्याची बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. 4 नोव्हेंबर 1955 रोजी तो गेला, आणि पुढच्याच वर्षीपासून हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार मिळू लागला. पहिला मानकरी डॉन न्यूकोम.

1911 मध्ये तो बॉस्टनच्याच दुसऱ्या संघात होता, वय 44. सप्टेंबरमध्ये ग्रोव्हर अलेक्झांडर नावाच्या नव्या पोराविरुद्ध तो झुंजला आणि 1-0 ने हरला. 22 सप्टेंबरला पिट्सबर्गवर 1-0 ने मिळवलेला विजय शेवटचा, म्हणजेच 511 वा. चेंडू अजून नेमका पडत होता, पण पोट सुटलं होतं. प्रतिस्पर्ध्यांनी ते हेरलं. बॅट नुसती आडवी धरून चेंडू त्याच्या पुढ्यात टाकायचा आणि धावत सुटायचं, याला बंट म्हणतात. खाली वाकून तो चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकणं त्याला वेळेत जमेना, आणि संघांमागून संघ त्याच्यासमोर बंट करू लागले. पुढच्या वसंतात तो पुन्हा शिबिराला गेला, पण एकही सामना न खेळता ओहायोच्या शेतावर परतला.